आरमार आणि मुलकी कारभारी
(व्याख्यानाचा मजकूर)

अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीच्या वेळी पायी गाठता येणारा कुलाबा किल्ला पाहिला की सरखेल कान्होजी आंग्रे यांचे स्मरण होते. त्यांचे आरमार राज्याशी जोडून देणारा पुरुष मात्र दर्यावर्दी नव्हता. १७१३ मध्ये कान्होजींनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले. त्यानंतर पेशवेपदी आलेले बाळाजी विश्वनाथ याच किनाऱ्यावरील श्रीवर्धनचे, मुलकी कारभारात मुरलेले. १७१४ मध्ये तह करून त्यांनी कान्होजींना शाहू महाराजांच्या पक्षात आणले. सरखेलपद व किल्ले त्यांच्याकडेच ठेवले.

त्याच सुमारास कोल्हापूरच्या गादीचे रामचंद्रपंत अमात्य ‘आज्ञापत्रा’त आरमाराची नीती सांगत होते. आरमाराचा खर्च मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा. बंदराच्या प्राप्तीवर सोपविल्यास सावकारांस उपद्रव होऊन व्यापार बुडतो. जहाजांना मोठे लाकूड हवेच. तथापि रयतेने वर्षानुवर्षे जोपासलेल्या आंब्याफणसास हात लावू नये. एखादे जीर्ण झाड घ्यावयाचे तरी धन्याला राजी करून, मोल देऊनच. आरमाराच्या हिशेबात शेतकऱ्याचा फणस धरणारी ही दृष्टी मुलकी कारभाऱ्याचीच!

बाळाजींचे नातू नानासाहेब पेशवे यांनी मात्र तुळाजी आंग्रे यांना नमविण्यासाठी इंग्रजांचे साहाय्य घेतले. तुळाजी आज्ञेत राहत नव्हते, ही अडचण खरी होती. पण आजोबांनी तहाने साधले ते नातवाने परक्या तोफांवर सोपविले. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गच्या बंदरात आंग्र्यांची गलबते जळाली. सरखेल आवरला गेला, आरमारही गेले.