माजी सैनिकांची विचारपूस
(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात केलेले भाषण)



आम्ही बँकेतले कारकून. शिक्षण कलाशाखेचे, वैद्यकाचा अभ्यास नाही. पण पेन्शनच्या खिडकीवर बरीच वर्षे बसलो आणि तिथे जे पाहिले ते आपल्यापुढे मांडणे आम्हाला कर्तव्य वाटते.

पेन्शनधारकाला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी नोव्हेंबर महिन्यात त्यासाठी जिंतूर, पालम, सोनपेठकडची माणसे बँकेत येत. त्या रांगेत माजी सैनिक लगेच ओळखू येई. बुटाला पॉलिश, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत नंबरवार लावलेले. २०१४ साली जीवन प्रमाण आले, २०२१ पासून संरक्षण खात्याचे पेन्शन ‘स्पर्श’ प्रणालीवर जाऊ लागले. आता पुष्कळांचे काम मोबाइलवर होते. रांग कमी झाली तेव्हा आम्हालाही हायसे वाटले, हे कबूल करतो.

एक माजी हवालदार दरमहा येत असत. पासबुक भरून घेण्याचे निमित्त. खरे म्हणजे दोन शब्द बोलायला येत. मग येणे थांबले. मध्ये एकदाच आले आणि खात्यावर वारस म्हणून कोणाचे नाव आहे ते विचारले. आम्ही संगणकात पाहून सांगितले आणि पुढच्या माणसाला बोलावले. डिसेंबरात त्यांच्या पत्नी कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदांची चौकशी करायला आल्या, तेव्हा कळले की त्यांनी आत्महत्या केली. हयातीचा दाखला तीनच आठवड्यांपूर्वी, अगदी मुदतीत, दाखल झालेला होता.

मित्रहो, लष्करी पेन्शनवाला म्हणजे म्हातारा असा आपला समज असतो. शिपाई पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो. पंधरा-सतरा वर्षे शिटीवर उठलेला माणूस एकदम अशा घरात येतो की जिथे त्याच्यावाचून सर्व व्यवहार बसलेले असतात. मुले त्याला पाहुणा समजतात. शेत भावाच्या हाती असते. मग कुठेतरी सुरक्षारक्षकाची नोकरी, आणि संध्याकाळी बाटली. गाव त्याला ‘मेजर’ म्हणते, पण त्याची आठवण होते ती २६ जानेवारीला झेंड्याजवळ उभे करायला आणि कँटीनच्या बाटलीसाठी. हे कटू आहे, पण खोटे नाही.

आपल्या समाजाला हा विषय परका नाही. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हापासून आणि त्याच्याही आधीपासून आपल्या घरांतून पोरे फौजेत गेली. बाबासाहेबांचे वडील रामजी हे सुभेदार होते. लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनाही पोटासाठी साताऱ्याकडे दुसरी नोकरी धरावी लागली. बाबासाहेबांचे बालपण एका माजी सैनिकाच्या घरातले आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

नुसत्या विचारपूशीने काय होणार, असे एक सभासद आम्हाला म्हणाले. जेरोम मोटो नावाचे एक अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात ते स्वतः सैन्यात होते आणि तिथे येणाऱ्या पत्रांनी किती आधार मिळतो हे त्यांना ठाऊक होते. १९६९ पासून त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत, इस्पितळातून सुटल्यावर पुढचे उपचार नाकारणाऱ्या ८४३ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला पाच वर्षे अधूनमधून छोटी पत्रे पाठवली. त्यांत मागणी काही नसे, फक्त तुमची आठवण आहे एवढेच. पहिली दोन वर्षे त्या गटात आत्महत्या स्पष्टपणे कमी झाल्या. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत, त्यांत आपले चेन्नईही होते, आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या १,८६७ जणांवर असाच प्रयोग केला. एकदा तासभर समजावणे आणि दीड वर्षात नऊ वेळा विचारपूस. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांच्या गटात शंभरात दोनाहून थोडे अधिक आत्महत्येने गेले. विचारपूस झालेल्या गटात हजारात दोन. ते रुग्ण सैनिक नव्हते हे खरे, पण माणसेच होती.

म्हणून आम्ही चौघांनी एक वही घातली. प्रत्येकाकडे पाच नावे. महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन, आणि जमेल तेव्हा घरी जाणे. सुरुवातीला आमची फजिती झाली. ‘कसे आहात?’ विचारले की पलटणीच्या हिंदीत एकच उत्तर येई, ‘सब ठीक!’ आता आम्ही झोप लागते का, काल जेवायला काय होते, वहिनी काय म्हणतात, असे विचारतो. लढाईच्या गोष्टी खोदून काढत नाही. फोन उचलला नाही तर संध्याकाळी पुन्हा करतो, दुसऱ्या दिवशी कोणीतरी घरी जातो. एका घरी असेच गेलो तेव्हा मेजर अंधारात बसून होते. आम्ही सरळ विचारले, ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ ते बराच वेळ रडले. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती चुकीची आहे. त्या रात्री त्यांना एकटे सोडले नाही. शेतीचे औषध शेजाऱ्याकडे कुलपात ठेवले, सकाळी जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. आज ते आमच्या वहीतली तीन नावे स्वतः सांभाळतात.

१४४१६ हा ‘टेली मानस’चा क्रमांक लिहून घ्या. सेवा मोफत आहे, मराठीत बोलता येते. पेन्शन, शिष्यवृत्ती यांच्या अडचणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात न्याव्यात. काही वेळा अडलेला एक कागदच माणसाला पोखरत असतो. आणि प्रयत्न करून वाचलेल्याला पोलिसांची भीती घालू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याला गुन्हेगार न मानता उपचार द्यायला सांगितले आहे.

वहीत सध्या वीस नावे आहेत. पूर्णा आणि गंगाखेड तालुक्यांतल्या काही गावांना अजून कोणी नाही. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. चहाच्या वेळी ज्यांना पाच नावे घ्यायची असतील त्यांनी घ्यावीत. पाच जड वाटली तर दोन घ्यावीत, पण पहिला रविवार चुकवू नये.