पनीर सोडून काय आहे?

आजचा विषय पोटाचा आहे, त्यामुळे उपाशीपोटी ऐकणार असाल तर जबाबदारी तुमची.

तर, चित्र डोळ्यांसमोर आणा. आठ जणांचा ग्रुप. कुणाचा तरी पहिला पगार झालाय, पार्टी ठरतेय. व्हॉट्सअॅपवर तीन हॉटेलांची नावं फिरतायत. सात जण मटण-मासे खाणारे, एक शाकाहारी. कुणीतरी मोठ्या मायेने लिहितं, "टेन्शन नको घेऊ, तुझ्यासाठी पनीर आहे ना!" आणि ती शाकाहारी मैत्रीण थम्सअपचा इमोजी टाकून गप्प बसते. त्या इमोजीमागे किती वर्षांचं पनीर साठलंय, हे बाकीच्या सातांना कळतच नाही.

मला पनीरचा राग नाही. ताजं, मऊ पनीर कुणी नीट केलं तर मी दोनदा मागून घेते. राग आहे तो "शाकाहारी म्हणजे काहीतरी सोय करून टाकू" या वृत्तीचा. कारण मी मुंबईबद्दल बोलतेय, आणि या शहरात बिनमांसाचं जेवण ही कधीच नुसती सोय नव्हती.

आधी किचनमधली एक गोष्ट सांगते. नेहमीच्या पंजाबी-चायनीज हॉटेलात ग्रेव्ह्या आधीच करून ठेवलेल्या असतात. लाल, म्हणजे टोमॅटो-काजू-लोण्याची मखनी. पांढरी, म्हणजे काजू, मगज आणि उकडलेला कांदा. पिवळी किंवा तपकिरी, म्हणजे परतलेला कांदा-टोमॅटो. कुठे कुठे पालकाची हिरवी. मेन्यूकार्डावर चाळीस भाज्या असतात, पण आत ही तीन-चार पातेली. एक डाव लाल, अर्धा डाव पिवळी, वर सिमला मिरची पडली की ती कढाई. तिखट वाढवलं की कोल्हापुरी. एखाद्या कोल्हापूरच्या आजीसमोर ती व्हेज कोल्हापुरी ठेवून बघा, ती विचारेल, "हे कुठल्या गावचं?"

यात फसवाफसवी नाहीये. गर्दीच्या वेळी भराभर टेबलं सांभाळायची तर दुसरा मार्ग नाही. पण हे एकदा माहीत झालं की ऑर्डर देताना फरक पडतो. दोन भाज्या मागवणार असाल तर सरळ विचारा, "दादा, यातली लाल ग्रेव्हीची कुठली आणि कोरडी कुठली?" वेटरला बरोबर माहीत असतं. नाहीतर होतं काय, पनीर बटर मसाला आणि व्हेज मखनवाला अशी दोन नावं मागवतो आणि एकच भाजी दोनदा खातो.

आता मुद्द्याचं. नवीन हॉटेलात गेले की मी मनात एक प्रश्न विचारते: या पदार्थातून मांस काढलंय, की तिथे मांस कधी नव्हतंच?

माटुंग्याचं उदाहरण घ्या. ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 पासून आहे, सेंट्रलच्या माटुंगा स्टेशनला लागून. कॅफे मद्रास 1940 चं. उडुपीच्या मठाच्या स्वयंपाकात कांदा-लसूण चालत नाही. म्हणजे ज्या दोन गोष्टींशिवाय आपल्याला फोडणी सुचत नाही, त्याच नाहीत. मग चव आणायची कुठून? चिंचेतून, हिंगातून, कढीपत्त्यातून, भाजलेल्या धण्यातून, ओल्या नारळातून, चिमूटभर गुळातून. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, एक कोरडी भाजी, एक नारळातली भाजी, ताक असं येतं तेव्हा त्यात काहीतरी "नाहीये" असं वाटतच नाही. कॅफे मद्रासला रसम वडा घ्या, नाचणीचा डोसा घ्या, शेवटी अननसाचा शिरा. रविवारी सकाळी रांग असते, नाव लिहून बाहेर थांबावं लागतं. थांबा.

तसंच ताडदेवचं स्वाती स्नॅक्स, 1963 चं. तिथे पानकी मिळते. तांदळाच्या पिठाचं पातळ घावन केळीच्या दोन पानांमध्ये ठेवून तव्यावर भाजतात. पान उचललं की वाफ येते, पानाच्या शिरा त्या घावनावर उमटलेल्या असतात, आणि सोबत हिरवी चटणी. पीठ, दही, हिरवी मिरची, पान, संपलं. "क्रिएटिव्ह" हा शब्द हल्ली कशालाही लावतात, प्लेटवर खाण्याचं फूल ठेवलं तरी लावतात. मला तो पानकीला लावावासा वाटतो.

आणि दादर तर आपलंच. शिवसेना भवनासमोरच्या आस्वादच्या मिसळीला 2015 मध्ये लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ ठरवलं गेलं. पुणेकर आणि नाशिककर यावर अजून भांडतायत, भांडू देत. पण मिसळीत नेमकं काय आहे बघा: मोडाची उसळ, तिच्यावर तर्री, वर कुरकुरीत फरसाण, कच्चा कांदा, लिंबू, आणि हे सगळं टिपायला पाव. मऊ, पातळ, कुरकुरीत, आंबट, तिखट, सगळं एकाच घासात. थोडं पुढे प्रकाशमध्ये साबुदाणा वडा खा आणि वर पियूष प्या. डाळिंब्यांची उसळ असेल तर ती सोडू नका. सोललेल्या वालांना लागणारी मेहनत ज्याने घरी पाहिलीय, त्याला ती आयती ताटात आलेली बघून भरून येतं.

पण हा माझा प्रश्नही दर वेळी चालत नाही, आणि मला ते आवडतं. मंच्युरियन घ्या. नेल्सन वाँग यांनी 1975 मध्ये मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करताना, चिकन मंच्युरियन केलं. आलं, लसूण, हिरवी मिरची हे आपलं वाटण, पण गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोर. म्हणजे मूळ पदार्थ कोंबडीचाच. पण चिकनच्या जागी फ्लॉवर आला आणि गोबी मंच्युरियन झालं. कडक तळलेल्या फ्लॉवरच्या फटींमध्ये तो सॉस जसा शिरतो तसा चिकनमध्ये शिरत नाही, हे माझं प्रामाणिक मत आहे. म्हणजे "बदली खेळाडू" कधी कधी मूळ टीममध्ये कायमचा येतो.

दुसरं उदाहरण जैन पावभाजीचं. बटाटा नाही, कांदा नाही, लसूण नाही. मग पावभाजीत उरलं काय, असं तुम्ही म्हणाल. तर बटाट्याऐवजी कच्चं केळं. ते उकडून ठेचलं की तसाच दाटपणा येतो, चव थोडी वेगळी, सौम्य. एकदा मुद्दाम मागवून बघा, जैन असायची अट नाही! आणि घाटकोपरच्या खाऊगल्लीत डोशाचं जे काही करतात, जिनी डोसा, चीज बर्स्ट डोसा, तो वेगळाच प्रकार. माटुंग्याचे लोक डोक्याला हात लावतील. मला त्यातलं अर्धं आवडतं, अर्ध्यात डोसाच सापडत नाही.

आता परत त्या आठ जणांकडे येऊ, कारण खरा गुंता तिथे आहे. सातांना मासे-मटण हवं, एकीला नको. दर वेळी फक्त व्हेज हॉटेलात जा म्हणणं त्या सातांवर अन्याय. मग काय? अशा मांसाहारी जागा निवडायच्या, जिथल्या स्वयंपाकाला स्वतःची शाकाहारी परंपरा आहे. मालवणी खानावळीत काळ्या वाटाण्याचं सांबार आणि वडे असतात, सोलकढी असते. केरळी हॉटेलात पुट्टू आणि कडला करी, म्हणजे काळ्या हरभऱ्याची आमटी, आणि अवियल. बंगाली जागेत शुक्तो, चणाडाळीची गोडसर छोलार दाल, केळफुलाचा मोचार घोंटो. या बंगाली भाज्यांमागे एक कडू गोष्ट आहे. तिकडे विधवांना मासे, मांस, कांदा, लसूण वर्ज्य केलं जायचं. त्या बायकांनी भाज्यांच्या सालींपासून, देठांपासून जे काही उभं केलं, त्यातलं बरंच आज आपण रेस्टॉरंटमध्ये पैसे मोजून खातो. फक्त मोचार घोंटो मागवताना विचारून घ्या, त्यात काही जण कोलंबी घालतात.

विचारून घ्या, यावर दोन मिनिटं बोलायलाच हवं. थाई करीच्या पेस्टमध्ये बऱ्याचदा कोलंबीची पेस्ट असते, आणि करीत फिश सॉस. किमचीतही फिश सॉस किंवा खारवलेली कोलंबी असू शकते. जपानी मिसो सूपचं पाणी पारंपरिक पद्धतीत सुकवलेल्या माशाचं. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाचा छोटा मासा. पान्ना कोटात जिलेटिन. आणि अस्सल इटालियन पार्मेजानो रेजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. पाकिटावर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण बघता येतो, प्लेटवर तो नसतो. म्हणून "हे व्हेज आहे ना?" असं विचारू नका, उत्तर हमखास "हो" येतं. "यात फिश सॉस आहे का?" असं नाव घेऊन विचारा. मग वेटर आत जाऊन विचारून येतो. बरीच हॉटेलं वेगळा सॉस वापरून देतात, फक्त आधी सांगायला लागतं. यात लाजायचं काय? ज्याला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे तो विचारतोच ना.

एक आडवी गोष्ट. शाकाहारी असणं म्हणजे शेजारच्या ताटाकडे बघून नाक मुरडायचं लायसन्स नाही. या शहरात घर भाड्याने देताना "नॉनव्हेज खाता का?" विचारून लोकांना परत पाठवतात, हे आपण सगळे जाणतो. टेबलावर तरी ते नको.

आणि बिल! समजा बिल आलं 6,400 रुपये, माणसं आठ, डोक्यावर 800. तिने खाल्ली एक भाजी आणि दोन रोट्या, फार तर 350 ची. सातांनी खाल्लं सुरमई आणि मटण. ती बोलत नाही, कारण पैशाचं बोललं की चिंधीगिरी वाटते. मित्रहो, इथे तुम्ही बोलायचं. टीटीएमएम करा, तुझं तू माझं मी. नाहीतर कॅल्क्युलेटर उघडून व्हेजचा हिस्सा वेगळा काढा, एक मिनिटाचं काम आहे. आणि व्हेज डिश मधोमध ठेवा, सगळे खा. नाहीतर सगळ्यांच्या मध्ये बारा प्लेट आणि तिच्या कोपऱ्यात एक वाटी, असलं दृश्य दिसतं.

शाकाहारी मंडळींनाही एक सांगते. ग्रुपवर हॉटेलाचं नाव पहिलं तुम्ही टाका. ग्रुपवर पहिलं नाव पडतं ना, निम्मे लोक त्यालाच "डन" म्हणतात. उशिरा "मला काहीही चालेल" लिहिलंत, तर काहीही मिळेल.

शेवटचं, सीझन बघा. काही हॉटेलांत आजचा बेत फळ्यावर लिहिलेला असतो, मेन्यूकार्ड उघडायच्या आधी तो वाचा. थंडीत गुजराती ठिकाणी उंधियू विचारा. काळबादेवीच्या श्री ठाकर भोजनालयात, ते 1945 चं, थाळीला बसायचं असेल तर दुपारी कमी खाऊन जा, वाढपी "बस" ऐकत नाहीत. एप्रिल-मेमध्ये आमरस. पावसात अळूवडी आणि अळूचं फदफदं.

तुमच्या एरियात पनीरशिवाय भारी काय मिळतं, ते व्हॉइस नोट करून पाठवा. डोंबिवली, नालासोपारा, पनवेलवाल्यांनी तर नक्कीच, कारण आज मी दादरच्या पुढे फारशी गेलेच नाही. चला, मला भूक लागलीय. भेटू पुढच्या भागात.