तण कोणते, हे ठरवायचे कोणी?

(वरोर, ता. डहाणू येथील अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पेरणी आटोपली आहे, पहिल्या निंदणाला अजून आठ-दहा दिवस आहेत. तेवढी सवड काढून तुम्ही यवतमाळ, परभणी, जळगाव इतक्या लांबून समुद्रकाठच्या या गावात आलात. कापूस-ज्वारीच्या माणसाने वरोरला येऊन शिकायचे काय, असे काल गाडीत कोणी तरी विचारलेच. इथे कपाशी नाही, ज्वारी नाही. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला वाड्या, आणि आत कासा-चारोटीकडे वारली शेतकऱ्यांची भातखाचरे आणि रान. पण काल रात्री आपण जे जेवलो, तिथूनच मी सुरुवात करतो.

ताटात शेवळांची भाजी होती, कोलंबी घातलेली. ही कोणी पेरलेली नाही. सुरणाच्या जातीचा हा रानटी कंद पावसाची चाहूल लागताच जमिनीतून सुरळीसारखा कोंब काढतो. बाया तो खुडून आणतात. वरचे आवरण सोलतात, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकतात आणि उरलेले चिंचेत किंवा काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवतात. सुरुवातीला एकदा मी ही भाजी स्वतः रांधली. कृषी पदवीधर माणूस, कोणाला काय विचारायचे? पिवळा भाग तसाच ठेवला आणि आंबट घातले नाही. दोन घास खाल्ले आणि घसा असा खवखवला की संध्याकाळपर्यंत बोलता आले नाही. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घशात टोचतात, हे मला पुस्तकातून माहीत होते. ते काढायचे कसे हे इथल्या अंगठा उठवणाऱ्या बाईला माहीत होते.

कडूकंदाचेही तसेच. तो कच्चा खाल्ला तर बाधतो. म्हणून त्याच्या चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या आणि मगच खायच्या. या एका कृतीमागे किती पिढ्यांचे प्रयोग असतील, याचा विचार करा. त्या प्रयोगांचा प्रबंध कोणी लिहिला नाही एवढेच.

आता आपल्या शिवाराकडे या. मी नावे घेतो, तुम्ही मनातल्या मनात हात वर करा. तांदुळजा, कुंजर, केना, घोळ, चिवळ, पाथरी, कुरडू, तरोटा. इथे तरोट्याला टाकळा म्हणतात. धुऱ्यावरचे काटवल, त्याला इथे कर्टोली म्हणतात. ज्वारीतली शेंदाडे. तुमच्या आईने निंदायला जाताना ओटीत काय आणले होते ते आठवा. निंदण ही मजुरी होती आणि त्याच वेळी संध्याकाळची भाजीही होती. रानात काम करणाऱ्या मजूर बाईच्या घरी तर आषाढ-श्रावणात दुसरी भाजीच नसे.

आणि मी कॉलेजात काय शिकलो? ही सगळी नावे माझ्या वहीत एकाच मथळ्याखाली होती : खरिपातील तणे. परीक्षेत त्यांचा नायनाट कसा करायचा ते लिहिले की गुण मिळत. पुढे ज्वारीत पेरणीनंतर लगेच ॲट्राझिन फवारा, असे मी स्वतः शेकडो शेतकऱ्यांना सांगितले आहे. त्यात कुरडूबरोबर घरची भाजी गेली, हा हिशेब मी मांडला नाही. मला तो शिकवलाच नव्हता.

तण ही काही वनस्पतीची जात नाही. नको त्या जागी आलेले झाड म्हणजे तण, आणि 'नको' हा शब्द कोणाचा, यावर सगळे अवलंबून आहे. अमेरिकेत गोल्डन रॉड नावाचे पिवळ्या तुऱ्यांचे झाड आहे. तिथल्या माळांवर आणि पडीक रानांत ते आपोआप उगवते. 1773 साली बोस्टन बंदरात इंग्रजांचा चहा समुद्रात बुडवला गेला. त्या बहिष्काराच्या काळात लोकांनी चहाऐवजी ज्या रानपाल्यांचे काढे प्यायले, त्यांत गोल्डन रॉडच्या एका सुवासिक जातीचे नाव सांगतात. त्याचीच दुसरी जात चीनमध्ये गेली आणि तिथे उपद्रवी तण ठरली. आपल्याकडे फुलशेती करणारे शेतकरी गोल्डन रॉडची लागवड करून गुच्छासाठी त्याचे तुरे विकतात. म्हणजे एकाच कुळातले झाड एके ठिकाणी चहा, दुसरीकडे शत्रू आणि तिसरीकडे नगदी पीक!

पण कुळावरून खाणे ठरवू नका. गोल्डन रॉड सूर्यफुलाच्या कुळातला. आपली पाथरी त्याच कुळातली, ती आपण खातो. गाजरगवतही त्याच कुळातले, आणि त्याने अंगाला खाज सुटते. म्हणून झाड एकेक करून ओळखावे लागते, आणि ती ओळख जाणत्या बाईकडून शेतात उभे राहून घ्यावी लागते. चित्र पाहून तोडलेली भाजी चुलीवर चढवू नका.

आता मुद्द्याची गोष्ट. तणे राहू द्या, असे सांगायला मी आलेलो नाही. कपाशीला पहिले साठ दिवस तणांची स्पर्धा मारक ठरते, हे शास्त्र खरे आहे. ज्वारीतला टारफुला मुळाला चिकटून पीक शोषतो, तो उपटलाच पाहिजे. हरळी आणि लव्हाळ्याची दया करायची नाही. निंदणाला माणूस मिळत नाही आणि मिळाले तर मजुरी परवडत नाही, हेही मला ठाऊक आहे. म्हणूनच शेतकरी तणनाशकाकडे वळला. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीला सरकारची मान्यता नाही, तरी पाकिटे गावोगाव मिळतात. त्या बियाण्यावरून आपल्या चळवळीत दोन मते आहेत, तो वाद आज नको.

माझे म्हणणे एवढेच, की हिशेब पुरा मांडा. उत्पादन खर्चात बैलाचा चारा धरा, घरच्या माणसाची मजुरी धरा, असे आपण सरकारला सांगत आलो. मग तणनाशकाने निंदण वाचले असे म्हणताना, बाजारातून विकत आणावी लागलेली भाजी त्यात धरायला नको? आणि जी भाजी विकत आणणे जमलेच नाही, तिचे काय? सातबाऱ्यावर कपाशीची नोंद होते, तांदुळज्याची होत नाही. ज्याची नोंद नाही, त्याची भरपाईही नाही. शेजारच्या वाढवण बंदराची 30 ऑगस्ट 2024 रोजी पायाभरणी झाली. इथली माणसे आज विचारताहेत, की जमिनीचा मोबदला ठरेल, पण खाजणातल्या आणि रानातल्या खाण्याचा मोबदला कोण ठरवणार? तोच प्रश्न आपल्या धुऱ्यावर उभा आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे तो पुसून टाकणारा पंप आपल्याच पाठीवर आहे.

गावी जाऊन चार गोष्टी करा.

एक, तणनाशक वापरायचेच असेल तर धुरे आणि घराजवळचा एक पट्टा त्यातून वगळा. तिथे डवरे आणि खुरपेच चालू द्या.

दोन, फवारलेल्या शेतातली भाजी खाऊ नका आणि मजुरांना नेऊ देऊ नका, मग ते तणनाशक असो की कीटकनाशक. डब्यावर लिहिलेले थांबायचे दिवस पिकासाठी असतात, त्याच्या मधल्या भाजीसाठी नव्हे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली, ते विसरू नका.

तीन, सगळेच खुडू नका. काटवलाचा कंद उपटू नका. त्यात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. फळ देत नाही म्हणून नर वेल तोडला, तर मादी वेलाचीही फळे जातात. तांदुळजा आणि घोळ यांची चार झाडे बी धरू द्या.

चार, गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला घेऊन पहिल्या निंदणाच्या दिवशी शेतातून एक फेरी मारा. नाव, खायचा भाग, महिना आणि रांधायची रीत वहीत उतरवा. 2020 पासून कृषी विभाग 9 ऑगस्टच्या सुमाराला रानभाजी महोत्सव भरवतो. एक दिवसाचा महोत्सव चांगलाच, पण ही वही गावाची असू द्या. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ती बरोबर आणा.

माझ्या जुन्या वहीतला तो मथळा मी आता खोडला आहे. आपल्या शेतात तण कोणते आणि भाजी कोणती, हे कंपनीचा डबा ठरवणार नाही आणि माझी पदवीही ठरवणार नाही. जिच्या हातात खुरपे आहे, तिला आधी विचारा.