निकोडेमस : मुक्तीनंतरचा प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा संक्षेप)

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केला, हे आपण जाणतोच. पण मुक्त झालेल्या त्या माणसांचे पुढे काय झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना कॅन्सस राज्यातील निकोडेमस या लहानशा गावाचा आरंभीचा इतिहास फार उद्बोधक ठरतो.

१८६५ साली घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली. जमीन मात्र जुन्या मालकांकडेच राहिली. किनारपट्टीवरील काही कुटुंबांना ४० एकरांपर्यंत जमीन देण्याचा लष्करी हुकूम निघाला होता, पण अध्यक्ष जॉन्सन यांनी त्याच वर्षी त्या जमिनी मळेवाल्यांना परत केल्या. कालचा गुलाम आज त्याच शेतावर वाट्याने राबू लागला. १८७७ साली दक्षिणेतील केंद्रीय सैन्याचे उरलेसुरले संरक्षणही गेले.

त्याच वर्षी केंटकीतील काळ्या समाजात पत्रके फिरू लागली : कॅन्ससला चला, तेथे आपले गाव वसवू. गोरा जमीन-प्रवर्तक डब्ल्यू. आर. हिल आणि कृष्णवर्णीय डब्ल्यू. एच. स्मिथ यांनी स्थापन केलेल्या कंपनीची ही योजना होती. १८६२ च्या कायद्याने १६० एकर सरकारी जमीन पाच वर्षे कसणाऱ्याला मिळू शकत होती. सप्टेंबर १८७७ मध्ये सुमारे ३०० माणसे तेथे पोहोचली. त्यांना गाव दिसले नाही. दिसले ते उजाड माळरान आणि जमिनीत खोदलेली बिळांसारखी घरे. लाकूड नव्हते, नांगर-बैल नव्हते, पेरणीचा हंगाम उलटला होता. अनेक कुटुंबे परत फिरली.

जी राहिली, ती कशी जगली? गावाची परंपरागत आठवण सांगते की शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी त्यांना अन्न दिले. या ओसेजांना थोड्याच वर्षांपूर्वी कॅन्ससमधून हुसकावून लावण्यात आले होते. सरकार जी जमीन ‘मोकळी’ म्हणून वाटत होते, ती आदिवासींना हटवूनच मोकळी झाली होती, हे आपण विसरता कामा नये. एका वंचिताला मिळालेला न्याय दुसऱ्या वंचिताच्या विस्थापनावर उभा होता. आणि तरीही भाकरीचा तुकडा दिला तो त्या विस्थापितानेच.

पुढची दहा वर्षे उमेदीची होती. नांगराअभावी कुदळ-फावड्यांनी जमीन फोडणाऱ्या या लोकांनी शाळा, चर्च, दुकाने उभी केली. १८८६-८७ पर्यंत गावात दोन वृत्तपत्रे निघू लागली. येथे येऊन स्थायिक झालेले एडवर्ड मॅकेब हे कृष्णवर्णीय गृहस्थ १८८२ साली राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. जमीन आणि मत या दोन्ही गोष्टी हाती आल्यावर माणूस किती वेगाने उभा राहतो, याचा हा पुरावा होय.

मग रेल्वेचा प्रश्न आला. लोहमार्ग गावातून जावा म्हणून १८८७ साली नागरिकांनी १६,००० डॉलरचे कर्जरोखे मतदानाने मंजूर केले. पण तो मार्ग आलाच नाही. १८८८ साली दुसऱ्या कंपनीचा मार्ग नदीच्या पलीकडून, काही मैलांवरून गेला. तेथे बोग हे गाव वसले. निकोडेमसची दुकाने तिकडे गेली आणि गावाची वाढ खुंटली. तेथे कोणी जाळपोळ केली नाही, कोणी कोणाचा मताधिकार हिरावला नाही. दूरच्या कचेरीत नकाशावर एक रेघ ओढली गेली, आणि त्या कचेरीत निकोडेमसच्या माणसाला मत नव्हते.

तथापि हे गाव मेले नाही. १९९६ साली ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाले, आणि दूरवर विखुरलेले वंशज उन्हाळ्यात तेथे मुक्तिसोहळ्यासाठी एकत्र येत राहिले.

साथींनो, जमिनीचा पट्टा भूमिहीनाच्या हाती पडला की आपले काम संपले, असे मानण्याचा मोह कार्यकर्त्याला होतो. निकोडेमसचा इतिहास त्या समजुतीला छेद देतो. जमिनीबरोबर नांगर हवा, बियाणे हवे, बाजाराची वाट हवी. आणि ती वाट कोठून जाणार हे ठरवणाऱ्या जागी कसणाऱ्याचा आवाज हवा. पट्टा मिळतो तेथे लढ्याचा पहिला मुक्काम असतो, शेवटचा नव्हे.