अर्थिंगची तार किती जाड?

डहाणूतला फुग्यांचा कारखाना असो की तलासरीच्या हमरस्त्यालगतचं हॉटेल, वायरिंगचा खर्च आवरायची वेळ आली की कात्री लागते हिरव्या-पिवळ्या तारेला. एरवी ती काहीच करताना दिसत नाही ना! पण मोटारीच्या सांगाड्यात वीज उतरली, तर मोठा प्रवाह जमिनीकडे वाहून नेऊन फ्यूज उडवायचा किंवा एमसीबी पाडायचा, हे काम तिचंच.

आयएस 3043 या मानकानुसार, दोन्ही तारा तांब्याच्या असल्या आणि फेजची तार 16 चौरस मिलिमीटरपर्यंत असली, तर अर्थिंगची तारही तेवढीच जाड हवी. 16 ते 35 पर्यंत 16ची, त्यापुढे फेजच्या निम्मी. थ्री-फेज मोटारीला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या केंद्रीय नियमांनी सक्तीच्या आहेत.

डहाणूची खारी हवा अर्थिंगची जीआय (जस्तलेपित लोखंडी) पट्टी गंजवते. वैशाखात जमीन सुकली की अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून मोजणी उन्हाळ्यातच करून घ्या. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांनी भूकंपाचे अनेक धक्के सोसले. हादऱ्यानंतर भिंतींच्या भेगांबरोबर अर्थिंगचे नटबोल्टही पाहा. अर्थिंग पाण्याच्या पाइपला जोडलेलं आढळलं, तर परवानाधारक वायरमनकडून स्वतंत्र अर्थपिट लगेच करून घ्या.