विस्तार आणि खंडणी



भिलाईच्या रहिवाशांना रशिया हा देश अपरिचित नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएट संघ यांच्यात येथील पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तो सोव्हिएट संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला. मला आज बोलावयाचे आहे ते त्याच्याही आधीच्या, झारांच्या रशियाविषयी, आणि त्याचा इतिहास मराठीत आणताना पुढे उभ्या राहणाऱ्या एका प्रश्नाविषयी.

१४६२ मध्ये तिसरा इव्हान मॉस्कोच्या गादीवर आला, तेव्हा मॉस्को हे मंगोल खानांचे मांडलिक राज्य होते. १४८० मध्ये हे मांडलिकत्व संपले. चौथ्या इव्हानने १५४७ मध्ये ‘झार’ ही पदवी धारण केली, १५५२ मध्ये कझान व १५५६ मध्ये आस्त्राखान जिंकून व्होल्गा नदीचा मार्ग हाती घेतला. त्यानंतर स्त्रोगानोव्ह या धनाढ्य व्यापारी घराण्याच्या पाठबळावर येर्माक हा कोसॅक नायक उरल पर्वत ओलांडून सायबेरियात उतरला. १६३९ मध्ये रशियन पथके प्रशांत महासागराच्या किनाऱ्याला पोहोचली. अवघ्या साठ वर्षांत एका खंडाची रुंदी त्यांनी पार केली.

ही घाई कशासाठी होती? सेबल नावाच्या लहानशा प्राण्याच्या मुलायम कातड्यासाठी. एका नदीच्या खोऱ्यातील सेबल संपले की पथके पुढच्या नदीकडे वळत. तेथील जमातींना दरवर्षी ठरावीक कातडी द्यावी लागत. या खंडणीला ‘यासाक’ म्हणत. ती चुकू नये म्हणून जमातीतील माणसे ओलीस धरली जात आणि त्या ओलिसांना ‘अमानात’ असे नाव होते. हा मूळ अरबी शब्द आपल्या परिचयाचा आहे. मराठीत तो ‘अनामत’ होऊन आला आहे. आपण अनामत म्हणून पैसे ठेवतो. सायबेरियात कोणाचा तरी मुलगा ठेवला जात असे.

पहिल्या पीटरने १७०९ मध्ये पोल्टाव्हा येथे स्वीडनचा पराभव केला आणि १७२१ मध्ये सम्राट ही पदवी घेतली. त्याच्याच काळात उरलमध्ये लोखंडाचे मोठे कारखाने उभे राहिले. त्यांच्या भट्ट्यांसाठी गावेच्या गावे वेठीला जुंपली गेली. दुसऱ्या कॅथरिनने १७८३ मध्ये क्रिमिया घेतला आणि १७७२ ते १७९५ या काळात झालेल्या पोलंडच्या तिन्ही फाळण्यांत वाटा उचलला. १८६५ मध्ये ताश्कंद पडले. दोनच वर्षांनी, १८६७ मध्ये, अलास्का ७२ लाख डॉलरना अमेरिकेला विकण्यात आला. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही.

या साऱ्याला इतिहासग्रंथ ‘विस्तार’ म्हणतात. शब्द निर्मळ आहे. वडाच्या झाडाचाही विस्तार होतो. परंतु हा शब्द नकाशा पाहणाऱ्याचा आहे. यासाक भरणाऱ्याच्या तोंडी तो येणार नाही.

रशियाबद्दल हे म्हणणे सोपे आहे. आपल्याबद्दल काय? आपण ज्या छत्तीसगढच्या भूमीवर बसलो आहोत, तेथे १७४१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर चालून आले आणि रतनपूरच्या हैहय राजाला शरण यावे लागले. हेच सैन्य पुढे बंगालपर्यंत गेले. १७५१ च्या तहाने अलीवर्दीखानाने सालीना बारा लाख रुपये चौथाई मान्य केली. आपण या मोहिमांना ‘मुलूखगिरी’ म्हणतो आणि तो शब्द उच्चारताना आवाज किंचित चढतो. बंगालमध्ये मात्र आपल्या ‘बारगीर’ शब्दाचे ‘बर्गी’ झाले आणि लेकरांना निजविताना म्हणावयाच्या गीतात तो भीतीचा शब्द म्हणून राहिला.

याला दुसरीही बाजू आहे. १७५८ पासून १७८७ पर्यंत रघूजींचे पुत्र बिंबाजी रतनपुरातच राहिले. त्यांनी रामटेकडीवर मंदिर बांधविले आणि कारभारात मोडी लिपी आणली. त्यांच्या पश्चात नागपूरहून सुभेदार नेमले जाऊ लागले आणि सत्ता मुख्यतः वसुलीपुरती उरली. राज्यकर्ता प्रजेत राहतो की केवळ तिच्याकडून घेतो, या भेदाला इतिहासात फार महत्त्व आहे. तरीही बिंबाजींच्या सौम्य कारभाराने १७४१ ची स्वारी पुसली जात नाही.

म्हणून अनुवादकाने एक पथ्य पाळावे असे मला वाटते. जो शब्द परक्यांच्या स्वारीसाठी वापरावयाचा, तोच आपल्या स्वारीसाठीही वापरावा. यासाक ही खंडणी असेल तर चौथाईही खंडणीच. आणि आपली ती मुलूखगिरी असेल तर येर्माकचीही मुलूखगिरीच. असे एकच माप हाती असले, तर दूरच्या साम्राज्याचा इतिहास वाचणारा वाचक आपल्या अंगणाचा इतिहासही अधिक प्रामाणिकपणे वाचू लागतो. परभाषेतील इतिहास मराठीत आणण्याचे सार्थक मला त्यातच दिसते.