तडजोड कशाची करायची, कशाची नाही



आपल्या वर्धा जिल्ह्यात समेटाची गोष्ट निघाली की सेवाग्राम आठवतंच. गांधीजी तिथे 1936 मध्ये राहायला आले. पण समेटाचा धडा त्यांनी फार आधी दक्षिण आफ्रिकेत गिरवला होता. दादा अब्दुल्ला आणि तय्यब शेठ या व्यापाऱ्यांचा दावा त्यांनी लवादाकडे नेला. दादा अब्दुल्ला जिंकले, तेव्हा हरलेल्याचं दिवाळं निघू नये म्हणून पैसे हप्त्यांनी घ्यायला त्यांना राजी केलं. मला ही गोष्ट आवडते. पण ते दोघे व्यापारी होते. बैठक उठल्यावर एकाला दुसऱ्याच्या घरी मार खायला जायचं नव्हतं.

आपल्यासमोर बसतात नवरा-बायको. काही वर्षांपूर्वी आमच्याच गटाने एक प्रकरण मिटवलं. नवऱ्याने चार माणसांत माफी मागितली, दारू सोडतो म्हणाला. दारूबंदीच्या जिल्ह्यात दारू सोडायचं वचन! कागदावर लिहिलं, ‘दोघांनी गुण्यागोविंदाने नांदावे.’ मारहाणीचा त्यात शब्द नव्हता. तीन महिन्यांनी ती मोडलेला हात घेऊन आली. म्हणाली, “ताई, त्या दिवशी मला जायचं आहे का, हे कोणी विचारलंच नाही.” चूक आमची होती. आम्ही घर वाचवायला बसलो होतो, बाई नाही.

15 ऑगस्ट 2007 ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटणीचे वाद गावात मिटावेत, कोर्टाचे हेलपाटे वाचावेत, हा हेतू चांगलाच. पण मिटवलेल्या तंट्यांना गुण आणि गुणांवर गावाला बक्षीस ठेवलं, तेव्हा बाईची तक्रारही मोजणीतला एक आकडा झाली. गावाला बक्षीस हवं असताना ‘मला मिटवायचं नाही’ असं एकटीने कसं म्हणावं?

आता मध्यस्थीचं वारं वरूनही वाहतं आहे. 2023 मध्ये संसदेने मध्यस्थता कायदा केला. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंब कल्याण समित्यांची अलाहाबाद उच्च न्यायालयाची पद्धत मान्य केली: छळाची तक्रार आधी समितीकडे आणि दोन महिने अटक नाही. अशाच समित्या 2017 मध्ये आणून 2018 मध्ये त्याच न्यायालयाने रद्द केल्या होत्या. ते दोन महिने बाईने कुठे काढायचे, हा प्रश्न आपण विचारायलाच हवा.

मग बैठकीला बसायचंच नाही का? बसायचं, पण नियम हातात घेऊन. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या 2006 च्या नियमांत समुपदेशनाबद्दल स्पष्ट लिहिलं आहे: पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी नवऱ्याने द्यायची, आणि ‘तिने उलट उत्तर दिलं म्हणून मारलं’ अशी सबब तिथे ऐकून घ्यायची नाही. हा नियम न्यायदंडाधिकाऱ्याने पाठवलेल्या समुपदेशनासाठी आहे. आपल्या सतरंजीवर तो आपण का पाळू नये?

मध्यस्थता कायद्यातलीही एक गोष्ट गाठीला बांधा. सामुदायिक मध्यस्थीत झालेला करार दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही, असं त्यातच लिहिलं आहे. म्हणून पोटगीचा, घरात राहण्याचा हक्क गावच्या कागदावर सोडू नका. न्यायालयाचा आदेश घ्या.

आमच्या गटाने आता ठरवलं आहे. आधी बाईशी एकटीशी बोलायचं, सासरचं कोणी नसताना. तिला परत जायचं नसेल तर बैठक नांदवण्याची नाही. पोटगी, मुलं, स्त्रीधन याची. कागदात मारहाण ‘मारहाण’ म्हणूनच लिहायची. सही करण्याआधी कागद तिला वाचून दाखवायचा आणि एक प्रत तिच्या हातात द्यायची. तक्रार मागे घेणं ही समेटाची अट नसेल. आणि महिन्याभराने तिच्या घरी जाऊन यायचं.

पैशाची तडजोड होते, तारखेची होते. मार किती खायचा, याची तडजोड होत नाही. पुढच्या बैठकीत कोणी ‘मिटवून टाका’ म्हणालं, तर आधी तिच्याकडे वळून विचारा: बाई, तुला काय हवं आहे?